वाफेचा पाचवा दिवस

१

सुरायानीच्या मेकअपच्या खोलीचं दार फोडलं, तेव्हा आतली कडी चौकटीचा तुकडा घेऊनच निघाली. दार आतून लावलेलं होतं, यात शंकाच नव्हती. खोलीला खिडकी नाही. सुरायानी आरशासमोरच्या खुर्चीशी जमिनीवर पडली होती, ओठ निळे पडलेले. डोकं झाकायचा गडद निळा रुमाल, तिचा तुडुंग, ओढून काढून कोपऱ्यात भिरकावलेला. पर्स आतल्या चोरकप्प्यासकट उलटी केलेली. कंगवा, चाव्या, सुटी नाणी, ओठांची लाली, सगळं फरशीवर पसरलेलं. आणि आरशापुढच्या टेबलावर, जिथं सगळ्यांना दिसेल अशी, तिची गुलाबी व्हेप, वाफ ओढायची विजेवरची सिगारेट.

ती व्हेप मलेशियातल्या आमच्या इपोह शहरात न ओळखणारा माणूस सापडला नसता. लेम्बा टीव्ही हे आमचं गावातलं चॅनेल. लोक ते टीव्हीपेक्षा फोनवरच जास्त बघतात. महिनाभर त्यांनी व्हेपचा विषय लावून धरला होता. कुठल्याशा शाळेतली मुलगी चक्कर येऊन पडली, तिच्या दप्तरात व्हेप मिळाली, एवढ्यावरून सुरुवात झाली आणि मग रोज नवी बातमी. शेवटी निर्माता हैरुल यानं शक्कल काढली. चॅनेलची लाडकी निवेदिका सुरायानी सात दिवस कॅमेऱ्यासमोर व्हेप ओढणार आणि तिचं काय होतं ते लोकांनी थेट बघायचं. रोज भर दुपारी, लोक जेवायला बसलेले असताना. सातव्या दिवशी फुप्फुसांचे मोठे डॉक्टर येऊन सगळ्यांसमोर तिला तपासणार होते.

पाचव्या दिवशी ती मेली.

मी सार्जंट बहारोम. माझ्या वरिष्ठ इन्स्पेक्टर कल्सोम; सगळे त्यांना 'पुआन', म्हणजे बाईसाहेब म्हणतात. आम्ही दोघं पोचलो तेव्हा हैरुल स्वतः हातात फोन धरून फुटलेल्या दाराचं चित्रण करत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात हलत नव्हता. आम्ही जिना चढेपर्यंत बातमी अर्ध्या पेराक राज्यभर गेली होती: व्हेपनं घेतला आपल्या सुरायानीचा बळी.

"आत कोणी गेलंच नाही, पुआन," हैरुल म्हणाला. "कार्यक्रम संपला, ती हसत उठली, खोलीत गेली. जाताना थोडी धाप लागली होती. व्हेपनंच, दुसरं काय?"

पुआन कल्सोमनी त्याच्या हातातला फोन काढून घेऊन माझ्याकडे दिला. मग त्या बराच वेळ त्या तुटक्या कडीकडे बघत राहिल्या.

"बहारोम, तुझा श्वास कोंडला तर तू काय करशील?"

"दाराकडे धावेन. कोणालातरी हाक मारेन."

"मग हिनं दार लावून का घेतलं?"

२

दुसऱ्या दिवशी शहर पेटलं. शाळांच्या फाटकांवर दप्तरं उलटी होत होती. बायका मोर्चा घेऊन निघाल्या. कोणीतरी सांगितलं की व्हेपमुळं हवेतसुद्धा विष पसरतं, आणि मग तोंडाला कापड बांधून लोक चहा प्यायला येऊ लागले. कापड वर करायचं, घोट घ्यायचा, कापड खाली. माझ्या बायकोनं आमच्या मुलाच्या खोलीतली गादीसुद्धा उसवून पाहिली.

सगळ्यांचा राग एका माणसावर होता. यीप कोक वेंग. सुरायानीची गुलाबी व्हेप त्याच्या दुकानातून आली होती. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या दुकानाची काच फुटलेली, शटरवर लाल रंगानं 'खुनी' लिहिलेलं आणि हा आत अंधारात प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेला.

"पकडायला आलात?" तो म्हणाला. "बरं झालं. तुरुंगात निदान दगड येत नाहीत."

"तुझ्या व्हेपमध्ये काय होतं?" पुआननी विचारलं.

"तेच, जे सगळ्यांच्यात असतं. फुप्फुसाला चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या बहिणीच्या पोरानं हात लावला तर मीच कानाखाली देईन. पण सुरायानी त्यानं मेली नाही, पुआन. कारण तिनं ओढलीच नाही."

"अख्ख्या गावानं पाहिलं की."

"गावानं धूर पाहिला." त्यानं खिशातून स्वतःची व्हेप काढली, एक झुरका घेऊन वाफ तोंडातच धरली आणि लगेच सोडली. पांढरा, दाट, कापसासारखा गोळा बाहेर आला. मग दुसरा झुरका छातीत खोल ओढून, थांबून सोडला. या वेळी नुसतीच विरळ रेघ. "छातीत गेलं की असं होतं. तिचा धूर पहिल्यासारखा. पाचही दिवस. मी चॅनेलच्या पानावर लिहून लिहून थकलो, बाई नाटक करतेय म्हणून. लोकांनी माझ्या आईवरून शिव्या दिल्या."

पुआननी पाचही दिवसांचे कार्यक्रम तिथंच स्टुलावर बसून फोनवर पाहिले. यीप खरं बोलत होता. पाचव्या दिवशीच्या चित्रात मात्र आणखी एक गोष्ट होती. सुरायानी मधूनमधून मान खाजवत होती, डोळे पुसत होती, आणि शेवटी शेवटी एका वाक्यात दोनदा श्वास घेत होती. तरी हसत होती.

"पहिल्या चार दिवसांत हे नाही," मी म्हणालो.

"नाही. पहिल्या चार दिवसांत हा निळा तुडुंगही नाही."

३

सुरायानीला आईवडील नव्हते. तिचं म्हणावं असं शहरात एकच माणूस होतं, मावसबहीण मस्तुरा. दोघी एका घरात वाढलेल्या. ती त्याच चॅनेलवर मेकअप करायची, रोज सुरायानीचा चेहरा तिच्याच हातून तयार व्हायचा. प्रेत ओळखलं तिनं आणि गावी नेऊन दफन केलं तेही तिनंच.

ती एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायची. घर लख्ख. तिनं आम्हाला कॉफी दिली, रडली नाही, पण डोळे सुजलेले होते. आमच्या पायांशी एक लठ्ठ राखी मांजर येऊन घुटमळू लागलं, आणि माझ्या गणवेशाच्या पँटला गुडघ्यापर्यंत त्याचे केस चिकटले.

"सुरायानीला काही दुखणं होतं?" पुआननी विचारलं.

"नाही, पुआन. लहानपणापासून ठणठणीत. मीच आजारी पडायचे, ती कधी नाही."

"शेवटचा फोन तिनं तुला केला होता. खोलीत गेल्यावर. हैरुलला नाही, रुग्णवाहिकेला नाही. तू उचलला नाहीस."

मस्तुरानं हातातली बशी खाली ठेवली. "थेट कार्यक्रम चालू असला की सगळ्यांचेच फोन मुके असतात. मी नंतर पाहिला." ती थांबली. "ते माझ्या मनातून जात नाही, पुआन. उचलला असता तर..."

पुआननी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता काही विचारणार नाहीत. पण त्यांनी विचारलं, "तू कुठं होतीस तेव्हा?"

"बाहेर, बोळकंडीत. ती कपडे बदलत असेल म्हणून थांबले होते."

"कोणाचा तिच्यावर राग होता?"

मस्तुरानं मान वर केली आणि पहिल्यांदाच आमच्याकडे सरळ पाहिलं. "ते काक फौझियांना विचारा. सगळं चॅनेल जाणतं."

४

फौझिया लेम्बा टीव्हीची मोठी निवेदिका. पंधरा वर्षं दुपारचा कार्यक्रम तिचा होता. सुरायानी आली आणि फौझियाला सकाळी, कोंबडा आरवायच्या वेळचा पाककृतींचा कार्यक्रम दिला. सगळे तिला 'काक', म्हणजे ताई म्हणायचे. सुरायानी आल्यापासून ते जरा जास्तच आदरानं म्हणू लागले होते, आणि ते तिला झोंबत होतं.

"हो, जळायचे मी तिच्यावर," ती म्हणाली. आम्ही अजून प्रश्नही विचारला नव्हता. "तिचे गाल, तिचा आवाज, ती हसली की कॅमेरावाला हसायचा, सगळ्यावर. मी जिम लावली तिच्यामुळं. या वयात. गुडघा गेला."

"जाहीरपणे म्हणाला होतात, ही तोंडावर पडेल तेव्हा मी गोड वाटीन."

"म्हणाले होते. आणि वाटणार होते. पडायला हवी होती, पुआन, मरायला नव्हे." तिनं गुडघा चोळला. "आता मी कोणावर जळू? दुपारची वेळ परवा हैरुलनं मला दिली. तिचा फोटो दाखवून सुरुवात करायची म्हणे. मी नाही म्हटलं."

तिच्या अंगाखांद्यावर मांजराचे केस होते. मी ते पुआनना खुणेनं दाखवले. फौझियानंच उत्तर दिलं. "तीन आहेत घरी. तिन्ही भगव्या. नवरा गेला, त्या आल्या. तोटा झाला नाही."

हैरुलला आम्ही त्याच्या खोलीत गाठलं. समोरच्या पडद्यावर बघणाऱ्यांचा आकडा वर वर जात होता, आणि तो आमच्याशी बोलता बोलता तिकडंच पाहत होता.

"तिच्या मरणानं तुझं चांगलं चाललंय," पुआन म्हणाल्या.

"आज चाललंय. पुढच्या महिन्यात? सुरायानी होती तर दहा वर्षं चाललं असतं." त्यानं तोंड पुसलं. "तुम्हाला वाटतं मी केलं? मी तर सातव्या दिवसासाठी क्वालालंपूरहून फुप्फुसांचा डॉक्टर बोलावला होता. जाहिरात करून. त्यानं तिला थेट तपासलं असतं. ऐकल्यापासून ती जरा गप्प होती, पण मला वाटलं थकली असेल."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "फौझिया. उघड आहे. तोंडानंच कबूल करते."

पुआन गाडीत बसल्या आणि पट्टा लावायचा विसरून बोलत राहिल्या. "माझ्या नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा मी आमच्या मोहल्ल्यात घरोघर जाऊन सवतीला शिव्या घातल्या. बाजारात, लग्नात, मशिदीच्या पायरीवर. लोक मला टाळायला लागले. पण माझ्या हातून तिला कधी इजा झाली नाही, बहारोम. जे होतं ते तोंडावाटे निघून गेलं." मग त्यांनी पट्टा लावला. "मला त्याची भीती वाटते, जो कॉफी देतो आणि काही बोलत नाही."

पण नुसत्या तेवढ्यावर कोणाला पकडता येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांचा फोन वाजला. रुग्णालयातून होता.

५

शवचिकित्सा करणारे डॉक्टर गोंधळलेले होते. "श्वासनळ्या आवळून बंद झालेल्या, आत चिकट कफ गच्च भरलेला. हे चित्र जुन्या दम्याचं आहे. व्हेपनं फुप्फुसं बिघडतात ती अशी नाही. पण घरचं माणूस सांगतं की तिला दमा नव्हता, आणि तिच्या सामानात एकही औषध नाही. म्हणून मी काही लिहायला बिचकतोय. बाहेर पत्रकार बसलेत."

"बिचकू नका," पुआन म्हणाल्या. "मला फक्त तिचा तुडुंग द्या."

निळं कापड त्यांनी खिडकीपाशी उजेडात धरलं. त्याच्यावर आतल्या बाजूनं, जिथं तो हनुवटीशी आणि गळ्याशी येतो, तिथं बारीक केस होते. एखाददुसरा नव्हे. जणू कोणीतरी तो मुद्दाम घासला होता. भगवे नव्हते. राखी होते.

मी माझ्या पँटकडे पाहिलं. दोन दिवस झाडूनही ते तिथं होतेच.

पुआन मला घेऊन पुन्हा मेकअपच्या खोलीत गेल्या. मोडकं दार लोटून त्यांनी मला खुर्चीत बसवलं.

"आता तू सुरायानी. तुला दमा आहे, आणि तो तू सगळ्यांपासून लपवलायस, कारण ज्या बाईला दमा आहे ती व्हेप ओढायचं नाटक करते हे कळलं तर कार्यक्रम संपला, तूही संपलीस. कार्यक्रमात तुला धाप लागली. तू कशीबशी हसत निभावलंस. खोलीत आलीस. काय करशील?"

"पंप काढेन. दम्याचा पंप."

"कोणी बघू नये म्हणून?"

"दाराला कडी लावेन." मी मोडक्या दाराकडे बोट केलं. "मग पर्स उघडेन."

"आणि पर्समध्ये पंप नाही."

मी फरशीकडे पाहिलं. तडफडताना पर्स पडली असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण तडफडणारा माणूस पर्सचा आतला चोरकप्पासुद्धा उलटा करत नाही. ती शोधत होती. दम लागलेला, कंगवा, चाव्या, नाणी, आणि ती एक वस्तू नाही.

"मग तिनं फोन केला," पुआन हळू म्हणाल्या. "ज्याला पंपाबद्दल माहीत होतं अशा एकाच माणसाला."

"पण पुआन, दमा होता हे आपण म्हणतोय. मस्तुरा नाही म्हणते. तिसरं कोणी सांगणारं नाही."

"आहे," त्या म्हणाल्या. "तिला ज्या बाईनं वाढवलं ती."

६

मस्तुराची आई, सुरायानीची थोरली मावशी, पेराक नदीकाठच्या एका गावात राहते. गावात सगळे तिला मक लोंग म्हणतात. लाकडी घर, खाली कोंबड्या, ओट्यावर केळीचे घड. घरात टीव्ही चालू होता आणि त्यावर सुरायानी हसत होती. लेम्बा टीव्ही तिचे जुने कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवत होतं.

मक लोंगनं आम्हाला चहा आणि तळलेली केळी दिली. आमचा हुद्दा तिनं विचारला नाही. पोरीच्या दुःखाला आलेली माणसं, एवढंच तिनं धरलं.

"सहा वर्षांची होती, आई गेली तेव्हा," ती म्हणाली. "मी इथं आणली. माझी मस्तुरा तेव्हा सात. म्हटलं, जुळ्यांसारख्या वाढतील."

"घरात मांजर नाही वाटतं तुमच्या?" पुआननी सहज विचारल्यासारखं विचारलं. "एवढं मोठं घर, खाली कोंबड्या, उंदीर होत असतील."

"होतात की. पण मांजर नाही ठेवलं कधी. सुरायानीला चालायचं नाही. मांजर जवळ आलं की तिची छाती वाजायची, शिट्टीसारखी. एकदा तर रात्रभर बसून काढली." मक लोंग थोडं हसली. "मस्तुराचं एक पिल्लू होतं, राखी. जीव होता तिचा त्याच्यावर. सुरायानी आली आणि मी ते नदीपलीकडं देऊन टाकलं. पोरगी आठवडाभर जेवली नाही. मी म्हटलं, बाई, ती बिनआईची आहे, तुला आई आहे."

टीव्हीवर सुरायानी हसत कसलीतरी घोषणा करत होती.

"मग खोलीही तीच घेऊन बसली, खिडकीची. मोकळी हवा लागायची ना तिला. मस्तुरा शहाणी. कधी तक्रार केली नाही. बातम्या वाचायला तिनंच शिकवलं सुरायानीला, आरशासमोर उभं करून. दोघींनी चॅनेलवर एकदमच अर्ज केला. सुरायानीला घेतलं, मस्तुराला म्हणाले, चेहरा चालणार नाही, मेकअपला ये." ती ओढणीच्या टोकानं बशी पुसत होती, पुसून झालेली बशी. "दम्याचं औषधसुद्धा मस्तुराच नेऊन द्यायची. सुरायानीला सगळे ओळखतात, दुकानात जायची सोय नाही. फार करायची तिचं."

पुआननी उरलेलं केळं खाल्लं, हात धुतले आणि वाकून मक लोंगचा हात कपाळाला लावला. गाडीत बसेपर्यंत त्या रडत नव्हत्या.

७

मस्तुरा चॅनेलवरच होती, फुटक्या दाराच्या त्याच खोलीत. ती ब्रश धूत होती. आम्हाला बघून तिनं पाणी बंद केलं.

"आम्ही तुझ्या आईकडून आलो," पुआन म्हणाल्या.

ती खुर्चीवर बसली. आरशात ती दिसत होती आणि मागं आम्ही दोघं.

"तू सांगितलंस, सुरायानीला काही दुखणं नव्हतं. तिथंच मी अडकले होते," पुआन म्हणाल्या. "कारण बघ ना. हैरुलला दम्याचं माहीत असतं तर त्यानं सगळ्यांसमोर फुप्फुसांचा डॉक्टर आणलाच नसता. यीपला माहीत असतं तर त्यानं ते शटरवर लिहून ठेवलं असतं, त्याचं दुकान वाचलं असतं. फौझियाला माहीत असतं तर तिनं दुसऱ्याच दिवशी पाककृती करता करता सांगितलं असतं आणि गोड वाटलं असतं. तिघांनाही तिला पाडायला एक वाक्य पुरलं असतं. तिघांनी ते उच्चारलं नाही, कारण ते त्यांना ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं, तो गप्प बसला. मेल्यावरसुद्धा."

मस्तुरानं हातातला ओला ब्रश कापडानं टिपला.

"तुडुंग तू घरी इस्त्रीला नेलास. तुझ्या मांजराचे केस त्यावर आहेत. तिच्या पर्समधून पंपही तूच काढलास. तो अजून तुझ्याजवळ असेल. त्या दिवशी इमारतीत पोलिस होते, टाकता आला नाही. नंतर टाकवला नसेल."

मस्तुरानं ब्रश ठेवायची कापडी गुंडाळी उलगडली. मधल्या कप्प्यातून तिनं छोटा निळा पंप काढला आणि लालीच्या डब्यांशेजारी ठेवला, अगदी सरळ, जशी ती रोज सगळं सामान मांडून ठेवत असेल.

"मारायचं नव्हतं मला," ती म्हणाली. "खरंच नव्हतं, पुआन. मला फक्त ती दिसायला हवी होती. तशी. तोंड वासलेली, घशातून आवाज येणारी. आमच्या घरात ती तशी असायची आणि सगळे तिच्याभोवती जमायचे. मला वाटलं, एकदा लोकांनी बघावी. रोज मी तिचा चेहरा करायचे आणि लोक लिहायचे, काय सुंदर आहे. तो चेहरा माझा होता. मी केलेला."

"पण ती कॅमेऱ्यासमोर पडली नाही."

"निभावून नेलं तिनं. हसून. तिथंही जिंकली." मस्तुराचा आवाज शांत होता, आणि त्यामुळं ऐकवत नव्हता. "बोळकंडीतून माझ्यासमोरून गेली. माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, निभावलं ना गं, अशा अर्थानं. मग कडी लागली. आत वस्तू पडल्याचा आवाज आला. माझा फोन हातातच थरथरला. तिचा फोटो आला त्याच्यावर. मी बघत राहिले."

"का नाही उचललास?"

"मला वाटलं, दुसऱ्यांदा करेल तेव्हा उचलू." ती थांबली. "ती नेहमी दुसऱ्यांदा करायची. धीरच नव्हता तिला. मी पंप हातात घेऊन उभी होते. दुसऱ्यांदा वाजला की आत द्यायचा, असं ठरवलं होतं. नाही वाजला."

नळातून थेंब पडत होते. मी तो घट्ट बंद केला, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून.

८

मस्तुरानं सगळं कबूल केलं, आणि पुढचं न्यायालय बघेल. पण इपोहचं म्हणाल, तर तिथं फारसं काही बदललं नाही.

फौझियानं दुपारची वेळ शेवटी घेतली, ती एका दिवसापुरती. कॅमेऱ्यात बघून तिनं सांगितलं की सुरायानी व्हेपनं मेली नाही, तिला दमा होता आणि तिचं औषध चोरलं गेलं. व्हेप वाईटच आहे, ती म्हणाली, पण या मरणाशी तिचा संबंध नाही, आणि आम्ही महिनाभर तुम्हाला घाबरवलं. बघणाऱ्यांनी खाली लिहिलं की काक फौझिया व्हेपवाल्यांना विकली गेली. कोणी लिहिलं, मेलेल्या पोरीवरही जळते. हैरुलनं दुसऱ्या दिवसापासून तिला पुन्हा सकाळी पाठवलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात सुरायानीचा फोटो तसाच ठेवला. त्याखालची 'वाफेचा बळी' ही अक्षरंही तशीच.

नगरपालिकेच्या मैदानात जमा केलेल्या व्हेपांवरून रोड रोलर फिरवला. माझा मुलगा टाळ्या वाजवायला गेला होता. यीपनं दुकान विकलं. तो आता बहिणीच्या गावी काजवे दाखवायची होडी चालवतो असं ऐकतो.

मक लोंगला सांगायचं काम पुआननी दुसऱ्या कोणावर टाकलं नाही. आम्ही पुन्हा नदीकाठी गेलो. टीव्ही चालूच होता. पुआन जमिनीवर तिच्याजवळ बसल्या आणि सगळं सांगितलं, काही न गाळता, काही न सजवता. मक लोंग ऐकत राहिली. मधे एकदा उठून तिनं चुलीवरचा चहा उतरवला, कप भरले, प्रत्येकापुढं ठेवले आणि पुन्हा येऊन बसली.

पुआनचं बोलणं संपल्यावर ती पडद्यावरच्या मुलीकडे बघत होती.

"टीव्हीवर तर वेगळं सांगतात," ती म्हणाली.

"ते चूक आहे, मक लोंग."

"तुम्ही शिकलेल्या आहात. तुमचं खरं असेल." तिनं टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. "पण मला दोनच पोरी होत्या. गावातली माणसं विचारायला येतात. मी त्यांना सांगते, सुरायानी त्या वाफेनं गेली. आणि मस्तुराला शहरात काम फार आहे, म्हणून येणं होत नाही."

पुआन कल्सोम काहीतरी बोलायला गेल्या. मी त्यांच्याबरोबर अकरा वर्षं काम करतोय, खोटं समोर आलं की त्या सोडत नाहीत.

"तुम्हाला वाटेत कोणी विचारलं," मक लोंग म्हणाली, "तर तुम्हीही तेच सांगा."

पुआननी कप उचलला. "बरं," त्या म्हणाल्या, आणि चहा प्यायल्या.